हौसेला मोल नसते, माप असते

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. लग्नकार्यात, शालू-पैठणीच्या दुकानात, नव्या घराच्या वास्तुशांतीला ही म्हण हमखास कानी पडते. आणि बहुधा पैसे देऊन झाल्यावर, स्वतःचीच समजूत घालताना कानी पडते. या म्हणीशी माझे भांडण नाही. हौस नसती तर माणसाने भिंतीला रंग दिला नसता आणि भाकरीवर तीळ लावले नसते. मात्र बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात, तपासणी विभागात, हाती व्हर्नियर घेऊन ज्याने तीस वर्षे काढली, त्याला या म्हणीला एक शेपूट जोडावेसे वाटते. हौसेला मोल नसेल; माप असते. आणि हे माप शिकवायला लहान मोटारगाडीच्या चाकांइतका चांगला गुरू मला दुसरा भेटलेला नाही.

चाके म्हणजे कारखान्याने गाडीबरोबर दिलेली नव्हेत. ती काढून त्यांच्या जागी बाजारातून आणून लावायची, तऱ्हेतऱ्हेच्या नक्षीची, चकचकीत किंवा काळीभोर चाके. सगळे त्यांना सरसकट ‘अलॉय’ म्हणतात. माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली, ती सेकंडहँड, २०१४ सालची स्विफ्ट. पत्र्याची चौदा इंची चाके, वर प्लास्टिकच्या टोप्या. गाडी नीट चालत होती. कोणाची काही तक्रार नव्हती. तरी वर्षभरात त्याच्या मनाने सतरा इंची काळ्या अलॉयचा ध्यास घेतला, आणि आमच्या घरात त्यावरून महाभारत सुरू झाले.

त्याचा हट्ट मला कळत होता. आमच्या घरी कोरी करकरीत वस्तू थोडीच येई. थोरल्याचा सदरा आत घेऊन धाकट्याला, धाकट्याची सायकल सीट खाली करून चुलतभावाला, अशी आमची पिढी वाढली. पुतण्याची पिढी त्यापेक्षा सुखी, पण त्याच्याही वाट्याला शाळा, विषय, नोकरी सगळे वडीलधाऱ्यांनी बेतूनच आलेले. गाडी ही त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. आणि तीही कोणीतरी आधी वापरलेली. तिच्यावर आपली काही खूण असावी, असे पंचविशीतल्या मुलाला वाटले तर त्यात वावगे काय?

माझ्या धाकट्या भावाला मात्र ते साफ नामंजूर. “कंपनीतल्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती होय? त्यांनी बसवलेली चाकं काढून ह्याला दुसरी पाहिजेत!” त्याच्या रागामागे भीती होती. आमची आई त्याच्याकडे असते. वय शहाऐंशी. दरवर्षी दिवाळीनंतर ती माझ्या बहिणीकडे म्हापशाला जाते, आणि ती वाट चोर्ला घाटातून. पावसाळा संपून गेला तरी खड्डे बुजलेले असतातच असे नाही. “असली चाकं लावलीस तर आजी ह्या गाडीतनं जायची नाही,” असे भावाने बजावले, आणि बापलेकांचे बोलणे बंद झाले. तीन आठवडे एकाचा निरोप दुसऱ्याला स्वयंपाकघरातून जात होता. शेवटी भावजय माझ्याकडे आली. “भावजी, तुमचं तरी ऐकतोय का बघा. दोघांचे निरोप पोचवून पोचवून मी दमले.” आई तेवढी निश्चिंत होती. तिने सगळे ऐकून विचारले, “नवीन चाकंसुद्धा गोलच आहेत ना? मग बास की!”

मी निवाडा दिला नाही. तपासणी विभागात एक सवय लागते. वस्तू चांगली की वाईट हे कोणी विचारले तर आधी तिचा नकाशा आणि तिची मापे मागायची. पुतण्याला मी मापे विचारली. तो म्हणाला, “सतरा इंच. दुकानदारानं बघितलंय काका, बसतंय म्हणाला.”

या ‘बसतंय’वर थोडे थांबले पाहिजे. ‘बसणे’ हे आपल्या भाषेतले मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. चोळी अंगाला बसते, डब्याला झाकण बसते, हात लिहिण्यावर बसतो, संसाराची घडी बसते. यांपैकी कुठेही नुसते आत शिरणे म्हणजे बसणे नव्हे. दोन नंबर मोठ्या वहाणेतही पाय आत जातोच. तिला आपण बसली म्हणत नाही. बैलगाडीचे चाक करणाऱ्या सुतार-लोहारांना हे शास्त्र तोंडपाठ होते. लोखंडी धाव ते चाकाच्या घेराहून जरा लहानच करीत. पेटत्या शेणींच्या रिंगणात तिला लाल होईपर्यंत तापवीत. तापून फुगली की लाकडावर चढवीत आणि वरून पाणी ओतीत. आकसणारी धाव सारे आरे तुंब्याकडे आवळून धरी, तेव्हा चाक बसले असे म्हणत. मोटारीच्या चाकाचेही तसेच आहे. चार भोकांतून चार स्टड बाहेर आले आणि नट फिरला, एवढ्याने दुकानदाराचे ‘बसतंय’ पुरे होते. गाडीचे पुरे होण्यासाठी आणखी पाच-सहा गोष्टी जुळाव्या लागतात.

रविवारी सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला. आम्ही ती जॅकवर घेतली, चाक काढले, आणि मी त्याच्या हाती व्हर्नियर दिला.

पहिले माप भोकांच्या वर्तुळाचे. चाकाची चारही भोके एका अदृश्य वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला बाजारात पी. सी. डी. म्हणतात. चार भोके असली की काम सोपे. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजेच हा व्यास. या गाडीला तो १०० मिलिमीटर भरला. पाच भोकांच्या चाकाला समोरासमोर भोक नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे, उत्तर जवळपास बरोबर येते. ४ गुणिले १०० हे माप आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना आहे. पण ९८ आणि १०८ मिलिमीटरची चाकेही बाजारात असतात. १०० आणि ९८ यांतला फरक नजरेला दिसत नाही, जोर लावला तर नट फिरतोही. मात्र स्टड वाकडे ओढले जाऊन सतत ताणाखाली राहतात. त्या ताणाचा हिशेब कधीतरी घाटाच्या वळणावर चुकता व्हायचा.

दुसरे माप मधल्या भोकाचे. गाडीच्या हबला मध्यभागी एक गोल उंचवटा असतो; कारखान्याचे चाक त्यावर अगदी नेमके बसते. या गाडीच्या चाकाचे भोक ५४.१ मिलिमीटर. होंडाच्या छोट्या गाड्यांना ते ५६.१ असते, फोक्सवॅगन पोलोला ५७.१. बाजारातल्या चाकांना एकच साचा अनेक गाड्यांना चालवायचा असतो. म्हणून ती मधले भोक मोठे ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१. भोवतीची ती पोकळी भरून काढायला एक कडे लागते. कडे नसले तरी नट चाक धरून ठेवतात; भार खरा पेलते ते नटांच्या आवळण्यातून हब आणि चाक यांत निर्माण होणारे घर्षण. पण आवळताना चाक केसभर जरी एका अंगाला सरकले, तरी त्याचा मध्य आणि हबचा मध्य वेगळे होतात. मग ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, गाडीवाला पुनःपुन्हा बॅलन्सिंग करून घेतो आणि थरथर काही जात नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक यंत्राच्या मध्याशी जुळलेले असते, गाडीच्या मध्याशी नव्हे. मग दोष सापडणार कसा?

पुतण्या वहीत आकडे लिहीत होता. तिसऱ्या मापापाशी तो अडला, आणि तिथेच बहुतेक सगळे अडतात. त्याचे नाव ऑफसेट. चाकाची रुंदी मधोमध चिरणारी एक रेषा कल्पावी. हबला टेकणारी चाकाची सपाट पाठ या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा कमी झाला की चाक गाडीबाहेर सरकते. वाढला की आत शिरते. त्यात रुंदी वाढली की ती दोन्ही अंगांना वाढते. मी त्याला उदाहरण घातले. समजा, जुने चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५; नवे सात इंच आणि ऑफसेट ३५. दीड इंच रुंदी वाढली, म्हणजे प्रत्येक अंगाला १९ मिलिमीटर. ऑफसेट दहाने घटला, म्हणजे सारे चाक १० मिलिमीटर बाहेर. तेव्हा बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ९ मिलिमीटर आत गेली. आता बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत आणि आत शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबापर्यंत जागा किती आहे, ते बोट घालून बघ.

त्याने बोट घातले. पुढच्या चाकाच्या आत जेमतेम बोटभर जागा होती. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. आकडा स्वतःच बोलला की वडिलांनी बोलायची गरज उरत नाही. उलट बोलल्याने आकड्याचे वजन कमी होते.

बाहेर आलेल्या चाकाची शिक्षा नुसत्या घासण्यावर संपत नाही. हबच्या बेअरिंगवर भार तिरपा पडतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला ओढ देते, आणि आपल्या लाल मातीतला चिखल दारापर्यंत उडतो. गाडी रिकामी, उभी आणि चाके सरळ असताना सगळे छान दिसते. खरी परीक्षा पाच माणसे बसवून, डिकीत सामान भरून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणि स्पीडब्रेकरवरून नेऊन होते. शिवाय चाकाच्या आऱ्यांची पाठ आणि ब्रेकचा कॅलिपर यांतही मोकळी जागा लागते. तेवढ्याच इंचांचे एक चाक बसते आणि दुसरे ब्रेकला घासते, असे होऊ शकते. कारण आऱ्यांचा बाक निराळा.

चौथे माप टायरचे. टायरच्या अंगावरचे आकडे आपण रोज पाहतो आणि वाचत नाही. १६५/८० आर १४ याचा अर्थ असा: टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि आतले चाक १४ इंचांचे. दोन्ही बाजूंची उंची आणि चाकाचा व्यास मिळवला की टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर. चाक बदलले तरी हा व्यास राखायचा, हे सूत्र. फरक दोन टक्क्यांच्या आत असावा. कारण वेग दाखवणारा काटा, गिअरचा हिशेब, ए. बी. एस. असल्यास ब्रेकचा हिशेब, सगळे याच व्यासावर बेतलेले असतात. १८५/६५ आर १५ चा व्यास येतो ६२१.५, म्हणजे जवळजवळ तोच. १९५/५५ आर १६ चा ६२०.९. मात्र कोणी १५ इंची चाकावर २०५/६५ चढवला, तर व्यास ६४७.५ होतो, साडेचार टक्के जास्त. काटा अचूक धरला तरी तो ऐंशी दाखवील तेव्हा गाडी साडेत्र्याऐंशीने धावत असेल.

पुतण्याच्या मनातला टायर होता २०५/४५ आर १७. त्याचा व्यास ६१६.३. “बघा की काका, बसतोय!” तो उसळून म्हणाला. व्यासाने बसत होता, हे खरे. ते मी मान्य केले. मग त्याला बाजूची उंची काढायला सांगितली. १३२ च्या जागी ९२. चाळीस मिलिमीटर रबर आणि हवा कमी झाली होती. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा टायर आधी दबतो आणि मग रिमला मार बसतो; दबायला जागाच कमी ठेवली की मार लवकर पोचतो. पत्र्याचे चाक अशा वेळी वाकते आणि हातोड्याने बऱ्याच वेळा सरळ होते. ओतीव अॅल्युमिनियमचे वाकण्याऐवजी तडकू शकते. आईला ज्या वाटेने जायचे होते, त्या वाटेवर हे चाळीस मिलिमीटर म्हणजे काय, हे त्याला मी सांगावे लागले नाही.

याच टायरवर आणखी एक आकडा असतो, भाराचा. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलावेत. ८८ म्हणजे ५६०. ८४ म्हणजे ५००. नव्या टायरचा आकडा जुन्याहून खाली जाऊ नये, एवढे गृहिणीनेसुद्धा दुकानात वाचून घ्यावे. सतरा इंची टायरचा साधा प्रकार ८४ चा. ८८ चा मजबूत प्रकार मिळतो, पण त्याला हवा जास्त लागते आणि बसणाऱ्याला रस्ता जास्त जाणवतो.

पाचवी गोष्ट नटांची. ती सर्वांत लहान म्हणून सर्वांत दुर्लक्षित. मारुतीच्या या गाडीच्या स्टडची जाडी १२ मिलिमीटर आणि आटे १.२५ चे. ह्युंदाई आणि होंडाच्या छोट्या गाड्यांचे स्टडही १२ चे, पण आटे १.५ चे. चुकीचा नट एक-दोन फेरे सुखाने फिरतो, मग जड जातो, आणि पान्याला लांब नळी लावून आवळणारा भेटला की आटे खलास. नटाची बसायची जागाही पाहावी लागते. कुठे ती शंकूसारखी उतरती असते, कुठे चेंडूसारखी गोल. होंडाची मूळ चाके गोल जागेची, बाजारातली बहुतेक शंकूची. गोल जागेत शंकूचा नट घातला तर तो फक्त एका कडेवर टेकतो आणि पुढे ढिला होतो. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत जावा, १.२५ च्या आट्यांना साडेनऊ-दहा फेरे. समोरासमोरचे नट आळीपाळीने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

दुपारचे बारा वाजले होते. मौज अशी की मधल्या काळात माझा भाऊ केव्हातरी येऊन बाजूला उभा राहिला होता. मुलाने चाकाच्या आत डोकावण्यासाठी मान तिरपी केली, तसा हा न सांगता बॅटरी घेऊन वाकला आणि उजेड धरला. दोघे बोलत नव्हतेच. पण “अजून जरा डावीकडे” हे तीन आठवड्यांतले पहिले वाक्य मुलाने बापाला थेट सांगितले, आणि बापाने उजेड डावीकडे नेला. माझ्या मते त्या घरातले चाक तिथेच अर्धे बसले.

भावाचे म्हणणे होते, कंपनीने दिले तेच पवित्र. तेही मापाला धरून नव्हते. त्याच गाडीच्या त्याच वर्षीच्या वरच्या नमुन्याला कारखाना स्वतःच १५ इंची अलॉय आणि १८५/६५ टायर देत होता. म्हणजे त्या सांगाड्याला, त्या ब्रेकला आणि त्या मडगार्डला हे माप मान्य आहे, हे ज्यांच्या अकलेची तो ग्वाही देत होता त्यांनीच ठरवलेले. पुतण्याने हे शोधून काढले आणि वडिलांपुढे वही ठेवली. सतरा इंचांचे नाव त्यानेच खोडले. मी किंवा भावाने खोडले असते, तर ते त्याच्या मनात जन्मभर राहिले असते.

मग बाजार झाला. चाक हातात घेऊन उलटे करून पाहणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फारसे आवडत नाही, हे तेव्हा कळले. पण चाकाची सगळी जन्मपत्रिका पाठीवरच कोरलेली असते: व्यास, रुंदी, ऑफसेट, भोकांचे वर्तुळ आणि पेलायचा भार. जपानी मानकाची जेडब्ल्यूएल ही अक्षरे आणि त्रयस्थ तपासणीची व्हीआयए ही खूणही तिथेच पाहावी. या चाकांना वाकवण्याच्या, भाराखाली फिरवण्याच्या आणि आघाताच्या परीक्षा द्याव्या लागतात. अक्षरे खोटी ओतणारेही असतात; म्हणून निर्मात्याचे नाव नसलेले, पावती न मिळणारे स्वस्त चाक कितीही देखणे असले तरी घेऊ नये. आमच्या गावात ओतकाम करणारे पुष्कळ आहेत. ओतीव वस्तूच्या पोटातली पोकळी वरच्या रंगाने झाकली जाते, हे त्यांना विचारावे. अलॉय म्हणजे हलके, हाही एक समज. मोठ्या व्यासाचे ओतीव चाक रुंद टायरसकट जुन्या पत्र्याच्या चाकाहून जड भरू शकते, आणि ते वजन सस्पेन्शनच्या खाली असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात जाणवते. हलके आहे की नाही ते काट्यावर ठेवून ठरवावे.

शेवटी पुतण्याला आवडली ती चाके पंधरा इंचांची, काळ्या रंगाची, १०० च्या वर्तुळाची आणि योग्य ऑफसेटची मिळाली. मधले भोक मात्र ६७.१. दुकानात प्लास्टिकची कडी होती. पण उद्यमबागेच्या माणसाने प्लास्टिकचे कडे विकत घ्यावे, हे मनाला पटेना. आमच्या गावात पानपट्टी शोधायला लागावा तेवढाच वेळ लेथ शोधायला लागतो. पुतण्याने स्वतः कड्याचा नकाशा काढला, बाहेरून ६७.१, आतून ५४.१, म्हणजे साडेसहा मिलिमीटर जाडीची भिंत, आणि दोन्ही मापांना किती सूट चालेल तेही लिहिले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने अॅल्युमिनियमच्या गोळ्यातून चार कडी काढून दिली. ती हबवर सरकताना जो एक मऊ, दाबलेला आवाज झाला, तो ऐकून मुलाचा चेहरा जसा झाला, तसा नवी चाके पाहूनही झाला नव्हता.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मन मानेल तसे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कडकच लावला. तेव्हा कारखान्याने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांच्या आत राहणे हा शहाणपणा. दुसरी गोष्ट, विमा कंपनीला चाके बदलल्याचे लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. नाहीतर नुकसान झाल्यावर दावा अडू शकतो.

त्या वर्षी आई म्हापशाला त्याच गाडीतून गेली. पुढे मुलगा, शेजारी बाप. घाट उतरताना गाडी हलली नाही की थरथरली नाही, एवढेच तिने फोनवर सांगितले. चाके काळी आहेत हे तिच्या लक्षातही आले नव्हते. मला त्यात नवल वाटले नाही. चाकाची नक्षी रस्त्यावरच्यांसाठी असते. आत बसलेल्यांच्या वाट्याला येते ती चाकाची पाठ: तिच्यावरचे आकडे, मधले कडे, नटांची पकड. नक्षी निवडायला मुलांना जरूर मोकळीक द्यावी. हौस त्यांची, पैसे त्यांचे. फक्त पाठ वाचायला शिकवावे, आणि शिकवताना उजेड धरायला कोणीतरी शेजारी उभे राहावे.

जुन्या चौदा इंची चाकांपैकी तीन गोणपाटात बांधून भावाच्या माळ्यावर ठेवली आहेत. चौथे डिकीत स्टेपनी म्हणून आहे; टायरचा व्यास नव्याशी दोन मिलिमीटरच्या आत जुळतो, त्यामुळे अडीअडचणीला ते सुखाने चालेल. हा हिशेबही मुलाने केला, आणि वहीत त्याच्याखाली बापाने सही केली आहे.